रस्ता राखील तो खान

आमचे किराणा मालाचे दुकान होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या अगदी तोंडाशी. गल्ल्यामागच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. त्यांतल्या एका बरणीत सुरकुतलेले, काळसर तांबडे आलुबुखार असायचे. ताप आला, तोंडाची चव गेली की आई त्यांतले दोन-चार भिजत घालून द्यायची. शाळेत हिंदी सुरू झाले तेव्हा 'आलू' म्हणजे बटाटा आणि 'बुखार' म्हणजे ताप, हे कळले आणि मी माझ्यापुरता अर्थ लावून टाकला : तापात द्यायचा वाळका बटाटा! हा शोध मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्या अभिमानाने सांगितला. ते पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, बुखारा नावाचे शहर आहे. तिकडचे हे फळ. फार लांब आहे ते. खानांचे राज्य होते तिथे."

त्याच सुमाराची आणखी एक आठवण आहे. आमचा आठवड्याचा बाजार मंगळवारचा. एका मंगळवारी परगावच्या एका हिंगवाल्याची पिशवी गावातल्याच चार टारगट पोरांनी पळवली. तो बिचारा पारावर डोके धरून बसला. 'परका माणूस, आज आला उद्या गेला, कुणाकडे तक्रार करणार?' असा एकंदर सूर होता. अण्णांनी गल्ला उघडला, काही रक्कम बाजूला काढली, मग पेठेतल्या आठ-दहा दुकानदारांकडे जाऊन वर्गणी केली आणि हिंगवाल्याचे नुकसान भरून दिले. आई रात्री रागावली. अण्णा शांतपणे म्हणाले, "हा माणूस उद्या दहा बाजार फिरेल. तिथे तो काय सांगेल, यावर आपला बाजार भरणार की मोडणार ते ठरेल."

मला तेव्हा ते पटले नव्हते. चोरी पोरांनी केली, भुर्दंड अण्णांना का? त्या प्रश्नाचे उत्तर मला पन्नासहून अधिक वर्षांनी मिळाले आणि तेही कुठे, तर कझाकस्तानातल्या एका उजाड टेकाडावर.

साडेचारशे व्यापारी

२०२३ च्या सप्टेंबरात मी आणि सौ. उझबेकिस्तानला गेलो. ताश्कंद म्हटले की आपल्या पिढीला ११ जानेवारी १९६६ ची ती पहाट आठवते, लालबहादूर शास्त्रींच्या निधनाची बातमी आठवते. तिथे नमस्कार करून पुढे जायचे होते ते समरकंद आणि बुखाऱ्याला. पण मी आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. नकाशात सीमेपलीकडे 'ओत्रार' हे नाव दिसले आणि राहवेना. आधी शिमकेंत आणि तिथून मोटारीने सिर दर्याच्या खोऱ्यात, असा प्रवास करून आम्ही त्या टेकाडापाशी पोहोचलो. चहूबाजूंना सपाट गवताळ माळ आणि मध्ये मातीचा प्रचंड ढिगारा. उत्खननात उघड्या पडलेल्या भाजक्या विटांच्या भिंती, हमामखान्याचा पाया, गल्ल्यांच्या रेषा. सौ. म्हणाली, "हे पाहायला इतक्या लांब आलो?" मी तिला खाली बसवले आणि जी गोष्ट सांगितली, तीच आता तुम्हाला सांगतो.

इ. स. १२१८. चीनकडून पश्चिमेला निघालेला रस्ता इथे सिर दर्याशी येऊन मिळत असे आणि ओत्रार हे त्या रस्त्यावरचे नाक्याचे शहर होते. पलीकडे पूर्वेला चंगीझखानाने मंगोल टोळ्या एकत्र बांधल्या होत्या. अलीकडे ख्वारिझमचा शहा महंमद याचे राज्य इराणपर्यंत पसरले होते. दोघांमध्ये व्यापाराचा करार झाला आणि चंगीझखानाने मोठा तांडा पाठवला. इतिहासकार जुवैनी सांगतो की त्यात साडेचारशे व्यापारी होते. बहुतेक सारे मुसलमान, मध्य आशियातलेच. त्यांच्यासोबत सोने, चांदी, रेशीम, मौल्यवान कातडी.

ओत्रारचा सुभेदार इनालचुक. शहाच्या आईच्या नात्यातला. त्याने हेरगिरीचा आरोप ठेवून तांडा अडवला, माल जप्त केला आणि शहाच्या संमतीने व्यापाऱ्यांची कत्तल केली. एक उंटवाला तेवढा निसटला आणि त्याने बातमी पूर्वेला नेली. त्या तांड्यात हेर नव्हतेच असे नाही. त्या काळी व्यापारी दोन्ही कामे करीत. पण हेर पकडणे वेगळे आणि करार झालेला अख्खा तांडा कापून काढणे वेगळे.

पुढची गोष्ट आपल्या समजुतीतल्या चंगीझखानाला धक्का देणारी आहे. त्याने लगेच फौज सोडली नाही. आधी दूत पाठवले. मागणी एकच होती, की सुभेदाराला माझ्या हवाली करा. शहाने प्रमुख दूताला ठार केले आणि इतरांच्या दाढ्या उतरवून त्यांना परत पाठवले.

मग मात्र जे व्हायचे ते झाले. १२१९ च्या शरदात ओत्रारला वेढा पडला. शहर पाचेक महिने झुंजले. इनालचुकच्या डोळ्यांत आणि कानांत तापलेली चांदी ओतली, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, लोकांनी ती लक्षात ठेवली ती चांदीमुळे. लोभाची शिक्षा लोभाच्याच वस्तूने. १२२० च्या फेब्रुवारीत बुखारा पडले, मार्चमध्ये समरकंद, पुढच्या वर्षी राजधानी गुरगंज, म्हणजेच उर्गेंच. शहा महंमद पळत पळत कास्पियन समुद्रातल्या एका बेटावर मेला. त्याचा शूर मुलगा जलालुद्दीन १२२१ मध्ये सिंधू नदीपर्यंत हटत आला, तिथे लढला आणि घोड्यासह नदीत उडी टाकून पार झाला. त्याने दिल्लीच्या सुलतान अल्तमशकडे आसरा मागितला. अल्तमशने तो नम्रपणे नाकारला. मंगोल वादळाला दारात बोलवायचे नाही, एवढे शहाणपण त्याच्यापाशी होते.

मंगोलांनी केलेला संहार इतका भयानक होता की त्याचे समर्थन कुणीही करू नये. ज्या शहरांनी व्यापाऱ्यांचे काहीही वाईट केले नव्हते तीही बेचिराख झाली. आणि मंगोल स्वारी आज ना उद्या झालीच असती, असे मानणारे अभ्यासकही आहेत. पण दार उघडून दिले ते ओत्रारने. साडेचारशे माणसांचा माल हडपला आणि त्यापायी एक साम्राज्य गेले.

सोन्याची पाटी आणि गाढवाचे दिवस

आता खरी गंमत पुढे आहे. ज्यांनी शहरे जाळली, त्यांच्याच मुला-नातवंडांना ती पुन्हा वसवावी लागली. चंगीझखान १२२७ मध्ये वारला आणि साम्राज्य वाटले गेले. चीनकडे पुढे कुबलाईखान, इराणात हुलागूचे वंशज म्हणजे इलखान, मध्य आशियात चगताईचे घराणे आणि व्होल्गाच्या काठी जोचीच्या वंशजांची 'सोनेरी ओर्दा'. ओर्दा म्हणजे छावणी. लष्कराच्या छावणीवरूनच पुढे भाषेला 'उर्दू' हे नाव पडले.

गवताळ माळावर घोडी आणि मेंढ्या भरपूर. पण त्यावर राज्य चालत नाही. मांडलिकांना वाटायला रेशीम हवे, शिपायांना पगार हवा, दरबाराला धान्य हवे. हे सगळे येणार कुठून? रस्त्यावरून. म्हणून खानांनी रस्ता बांधून घेतला, म्हणजे रस्त्याची व्यवस्था बांधली. ठरावीक अंतरावर टप्प्याची ठाणी, तिथे ताजे घोडे, चारा आणि शिधा. या टपालव्यवस्थेला 'याम' म्हणत. सरकारी कामाने जाणाऱ्याच्या गळ्यात धातूची पाटी असे, तिचे नाव 'पायझा'. ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे सोन्याची, चांदीची किंवा लोखंडाची. ती दाखवली की घोडा मिळायचा. बड्या व्यापाऱ्यांना खान आणि त्यांचे नातेवाईक भांडवल देत आणि नफ्यात वाटा घेत. अशा व्यापाऱ्याला तुर्की शब्द होता 'ओर्ताक', म्हणजे भागीदार. थोडक्यात, खान स्वतःच पेढीचा मालक झाला होता. मालक आपलाच माल कसा लुटू देईल?

याचा पुरावा एका अगदी कोरड्या पुस्तकात आहे. फ्लॉरेन्सच्या एका पेढीत काम करणाऱ्या पेगोलोत्ती नावाच्या माणसाने १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तो स्वतः त्या वाटेने कधी गेला नव्हता. जाऊन आलेल्यांना विचारून त्याने सगळे टिपले होते. आपल्याकडच्या जुन्या पंचांगात कसे सगळे कामापुरते आणि नेमके असते, तसे ते पुस्तक आहे. दाढी वाढू द्या. चांगला दुभाष्या घ्या, तिथे पैसे वाचवू नका. अझोव्ह समुद्राजवळच्या तानापासून आस्त्राखानपर्यंत बैलगाडीने पंचवीस दिवस, घोडागाडीने दहा ते बारा. उर्गेंचला तागाचे कापड विकून चांदी घ्या. चीनमध्ये ती चांदी राजा ठेवून घेईल आणि कागदी नोटा देईल, घाबरू नका, त्या चालतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य असे की, हा रस्ता दिवसाही आणि रात्रीही सुरक्षित आहे, असे जाऊन आलेले सांगतात.

त्याच यादीत एक टप्पा आहे : उर्गेंच ते ओत्रार, उंटगाडीने पस्तीस ते चाळीस दिवस. पुढे ओत्रार ते अलमालिक, गाढवावरून पंचेचाळीस दिवस. ज्या ओत्रारचा चंगीझखानाने बीमोड केला, ते सव्वाशे वर्षांत पुन्हा नाक्याचे गाव झाले होते आणि त्याचे नाव इटलीतल्या पेढीच्या कागदावर चढले होते. राखेतून उठलेले ते गाव पाहून मला त्या लिहिणाऱ्याच्या कोरडेपणाचेच कौतुक वाटले. शहर पुन्हा जिवंत झाले, हे तो गाढवाच्या दिवसांत सांगतो.

याच वाटेवरून १३३३ च्या सुमारास इब्न बतूता आला. तोच, जो पुढे दिल्लीला महंमद तुघलकाकडे काजी झाला आणि आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला. उर्गेंचच्या बाजारात इतकी गर्दी होती की त्याला पुढे सरकता येईना. बुखाऱ्यात मात्र मशिदी आणि बाजार अजून पडक्या अवस्थेत होते. मंगोल राजपुत्रांच्या आपसातल्या लढायांनी ते शहर पुन्हा उजाड केले होते. उर्गेंचची खरबुजे त्याला इतकी आवडली की जगात दुसरीकडे अशी नाहीत, असे तो सांगतो. तिथले लोक त्यांच्या फोडी उन्हात वाळवून टोपल्यांत भरत आणि त्या हिंदुस्थान व चीनपर्यंत विकायला जात. आमच्या बरणीतल्या आलुबुखाराचे पूर्वज मला तिथे भेटले!

घोड्यांचा हिशेबही त्याने दिला आहे. सोनेरी ओर्दाच्या माळावर चांगला घोडा जवळजवळ एका सोन्याच्या दिनारात मिळे. ते घोडे सहा-सहा हजारांच्या कळपाने हिंदुस्थानकडे हाकत आणत. वाटेत मरत, चोरीला जात, सिंधमध्ये जकात पडे, तरीही साध्यात साधा घोडा इथे शंभर चांदीच्या दिनारांना विकला जाई. हा नफा टिकला तो रस्ता राखला गेला म्हणून.

रस्त्याला मात्र पाहुण्यांची निवड करता येत नाही. १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांत किरगिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या परिसरात ख्रिस्ती दफनभूमीत एकाएकी खूप माणसे पुरली गेली. काही थडग्यांवर सुरियानी लिपीत 'साथीने मृत्यू' असे कोरले आहे. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या सांगाड्यांच्या दातांत प्लेगच्या जंतूचा अंश शोधून काढला. आठच वर्षांनी ही साथ काळ्या समुद्राच्या बंदरांत आणि तिथून युरोपात पोहोचली. ज्या रस्त्याने रेशीम गेले त्याच रस्त्याने मरणही गेले. चारही खानदाण्या एकामागून एक खिळखिळ्या झाल्या. इराणचे इलखान १३३५ मध्ये संपले, चीनमधले मंगोल १३६८ मध्ये.

मग तैमूरलंग आला. त्याने रस्ता राखला, पण स्वतःपुरता. सगळा व्यापार समरकंदवरूनच गेला पाहिजे, असा त्याचा खाक्या. म्हणून १३८८ मध्ये त्याने उर्गेंच पाडून तिथे जव पेरले आणि १३९५ मध्ये व्होल्गावरचे सराई आणि आस्त्राखान जाळले. समरकंद झळाळले खरे. १४०४ मध्ये तिथे गेलेल्या स्पेनच्या वकिलाने चीनहून आलेल्या आठशे उंटांच्या तांड्याची नोंद केली आहे. पण शेजारची दुकाने पाडून आपले दुकान किती दिवस चालणार? तैमूर चीनवर स्वारीसाठी निघाला आणि १४०५ च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीत वाटेतच वारला. कुठे? ओत्रारला. त्या टेकाडावर हे सांगताना सौ.च्या अंगावर काटा आला आणि मला माझा इतिहासाचा तास साधल्याचे समाधान मिळाले.

सराफांचा घुमट

बुखाऱ्याला आम्ही वेगवान गाडीने गेलो. स्टेशनवर उतरलो तर पाटी 'कागान'ची. शहर अजून बाराएक किलोमीटर पुढे. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे, पण ते नंतर.

बुखाऱ्यातला कल्याण मिनार ११२७ चा, मंगोलांच्याही आधी राज्य करणाऱ्या काराखानी या तुर्की घराण्यातल्या अर्सलान खानाने बांधलेला. उंची सुमारे ४६ मीटर. रात्री वर दिवा लावत, म्हणजे वाळवंटातल्या तांड्याला शहराची दिशा कळे, असे आमच्या वाटाड्याने सांगितले. पुढच्या काळात याच मिनारावरून गुन्हेगारांचा कडेलोट करत, हेही त्याने त्याच सुरात सांगितले. एकाच मिनाराने वाट दाखवायची आणि तिथूनच माणूस खाली लोटायचा. खानांचा सगळा इतिहास मला त्या दोन वाक्यांत दिसला.

त्याच्या पलीकडे जुना बाजार. सोळाव्या शतकात चंगीझखानाच्याच वंशातल्या उझबेक खानांनी चौरस्त्यांवर मोठमोठे घुमट बांधले आणि त्यांच्या सावलीत दुकाने थाटली. एकाचे नाव तोकी जरगरान, म्हणजे सोनारांचा घुमट. आपल्या जरीकाठातला 'जर' तोच. दुसरा टोप्यांचा. तिसऱ्याचे नाव ऐकून सौ. थबकलीच : तोकी सराफान. सराफांचा घुमट! आमच्या गावच्या सराफकट्ट्याचा हा थोरला भाऊ. देशोदेशींचे नाणे इथे पारखून बदलून मिळे.

या बाजाराचा वैभवकाळ अब्दुल्ला खानाचा. १५५८ मध्ये अँथनी जेंकिन्सन नावाचा इंग्रज व्यापारी इथे आला. वाटेत त्याच्या तांड्यावर दरोडा पडला होता. खानाने शंभर माणसे पाठवली, चार दरोडेखोर पकडून आणवले आणि राजवाड्याच्या दारावर फाशी दिले. जेंकिन्सन खूश झाला. मग त्याच खानाने त्याच्याकडून माल उधारीवर घेतला आणि पैसे चुकते न करता लढाईवर निघून गेला! शेवटी बिचाऱ्याला रकमेत सूट द्यावी लागली आणि उरलेल्या पैशांच्या बदल्यात माल पत्करावा लागला. उधारीची वही ठेवणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला हे दुःख समजावून सांगायला नको. तरीही रस्ता सुरक्षित होता, म्हणून व्यापारी येत राहिले. जेंकिन्सननेच लिहिले आहे की हिंदुस्थानचे व्यापारी इथे तलम पांढरे कापड आणतात आणि लढायांमुळे चीनकडचा व्यापार तीन वर्षे बंद आहे.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि खुष्कीचा मार्ग मेला, असे आपण शाळेत शिकतो. मीही तसे शिकवले आहे. ते अर्धेच खरे. मुलतान आणि पुढे शिकारपूरचे हिंदू व्यापारी त्यानंतरही तीनशे वर्षांहून अधिक काळ उंटांवर कापड आणि नीळ लादून बुखारा, समरकंद, थेट आस्त्राखानपर्यंत जात होते. तिथल्या शेतकऱ्यांना ते कर्जेही देत. १८३२ मध्ये बुखाऱ्यात आलेल्या अलेक्झांडर बर्न्सने तिथे सुमारे तीनशे हिंदू पाहिले. बहुतेक शिकारपूरचे, स्वतःच्या सराईत राहणारे. देऊळ बांधायचे नाही, शहरात घोड्यावर बसायचे नाही, जिझिया भरायचा, अशी बंधने त्यांच्यावर होती. पण जीव आणि माल सुरक्षित होता. व्यापाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानले.

त्याच बाजाराची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो खोटेपणा होईल. या बाजारांत माणसेही विकली जात. इराणी शेतकरी, रशियन कोळी, मागच्या शतकांत हिंदुस्थानातून हाकून नेलेले कैदी. खिवाचा गुलामांचा बाजार तर कुप्रसिद्ध होता. जो खान व्यापाऱ्याच्या गाठोड्याला हात लावू देत नसे, तोच माणसाचे गाठोडे करून विकू देत असे. ही गुलामगिरी १८७३ मध्ये संपली, तीही रशियन फौजेच्या धाकाने.

आणि ओत्रारचा धडा बुखाऱ्याने तरी गिरवला का? तर नाही. एकोणिसाव्या शतकात इथे मंगीत घराण्याचे अमीर होते. चंगीझखानाचा वंश नसल्यामुळे त्यांनी 'खान'ऐवजी 'अमीर' म्हणवून घेतले. त्यांतल्या अमीर नसरुल्लाने कर्नल स्टॉडार्ट या ब्रिटिश दूताला आणि त्याला सोडवायला आलेल्या कॅप्टन कोनोलीला कीटकांनी बुजबुजलेल्या अंधारकोठडीत डांबले आणि १८४२ मध्ये किल्ल्यासमोरच्या मैदानात दोघांचा शिरच्छेद केला. दूत मारला, पण या वेळी कुणी फौज घेऊन आले नाही, म्हणून अमीराला वाटले असेल की खपून गेले. बुखाऱ्याचे नाव मात्र जगभर बद्दू झाले आणि पुढे रशियन तोफा आल्या तेव्हा त्याच्या मदतीला कुणी धावले नाही. ताश्कंद १८६५ मध्ये गेले, बुखारा १८६८ मध्ये मांडलिक झाले, खिवा १८७३ मध्ये आणि कोकंदची खानत १८७६ मध्ये पार पुसली गेली.

आता त्या स्टेशनचे कारण. रशियनांची रेल्वे १८८८ मध्ये समरकंदपर्यंत गेली, पण अमीराने ती शहरात येऊ दिली नाही. म्हणून स्टेशन बारा किलोमीटर लांब. ज्या घराण्यांचे राज्य रस्त्यावर उभे राहिले, त्यांच्या शेवटच्या वारसांना नवा रस्ता अंगणात नको होता! १९२० मध्ये लाल सैन्याने बुखाऱ्यावर बाँब टाकले. शेवटचा अमीर आलिमखान अफगाणिस्तानात पळाला आणि १९४४ मध्ये काबूलमध्ये वारला.

आपल्या घरातले खान

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे वाटते ना? मग थोडे घरात पाहू. आपण 'नोकर' म्हणतो, तो मूळचा मंगोल 'नोकोर', म्हणजे सरदाराचा साथीदार. 'दरोगा' मंगोल सुभेदारापासून आला. 'बहादूर' मंगोलच. 'तोप', 'चकमक' आणि आजीच्या शिवणाच्या पेटीतली 'कैची' या तुर्की. बाबराची आई चगताई खानाच्या वंशातली. हिंदुस्थान जिंकल्यावरही खरबूज कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. १७२८ मध्ये बाजीरावांनी पालखेडला ज्या निजामाला कोंडीत धरले, त्याचे आजोबा आबिद खान समरकंदकडून आलेले. आणि छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, आपण जी पाणचक्की पाहायला जातो, ती ज्यांच्या दर्ग्यात आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. आलुबुखार जसे आले, तशीच ही माणसेही त्याच वाटेने आली.

निघायच्या दिवशी आम्ही बुखाऱ्याच्या मंडईत गेलो. सुक्या मेव्याच्या राशींमागे एक पोक्त बाई बसली होती. मी आलुबुखाराकडे बोट दाखवून म्हटले, "आलू?" ती म्हणाली, "आलू, आलू!" भाषा तेवढ्याच एका शब्दापुरती जुळली. तिने अर्धा किलो तोलले. मी हिशेबात चुकून मोठी नोट दिली आणि चालू लागलो. वीस पावले गेलो असेन, तोच एक पोरगा धावत आला आणि उरलेले पैसे हातात कोंबून पळाला. मागे वळून पाहिले तर बाई दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेली.

मला अण्णा आठवले. आपल्याकडचे लमाण तांडे मीठ आणि धान्य घेऊन फिरत, तेव्हा एकमेकांशी लढणाऱ्या फौजाही सहसा त्यांना हात लावत नसत, हे त्यांनीच मला सांगितले होते. अण्णांनी खानांचा इतिहास वाचला नव्हता. पेगोलोत्तीचे तर नावही त्यांना माहीत नव्हते. पण परक्या माणसाचा माल आपल्या गावात सुरक्षित राहिला पाहिजे, हे त्यांना कळत होते. ख्वारिझमच्या शहाला ते कळले नाही.

ते आलुबुखार मी घरी काचेच्या बरणीत भरून ठेवले आहेत. परवा नातवाला ताप आला तेव्हा दोन भिजवून दिले. त्याने विचारले, "आजोबा, हे बुखार गेल्यावर खायचे की आधी?" मी त्याला जवळ बसवले आणि म्हटले, "थांब, आधी एका गावाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव ओत्रार."